स्टेजिंग मार्गिका (प्रतिकृती रेल्वे)

स्टेजिंग मार्गिका म्हणजे प्रतिकृती रेल्वेच्या मांडणीत सहसा दृष्टीआड ठेवलेल्या, संपूर्ण गाड्या उभ्या करण्यासाठीच्या रूळमार्गिका होत. मांडणीत प्रत्यक्ष न दाखवलेली गावे, जंक्शने व उर्वरित रेल्वेजाळे यांचे प्रतिनिधित्व या मार्गिका करतात. अशा मार्गिकांच्या समूहास अमेरिकेत स्टेजिंग यार्ड, ब्रिटनमध्ये फिडल यार्ड, तर जर्मनीत शाटनबानहोफ (शब्दशः ‘छायास्थानक’) असे म्हणतात. त्या बरीच जागा व्यापतात आणि मांडणी पूर्ण झाल्यावर त्यांची भर घालणे अवघड असते. त्यामुळे त्या ठेवाव्यात की नाही, हे आराखड्याच्या टप्प्यावरच ठरवावे लागते.

संकल्पना

खोलीत मावणारी कोणतीही मांडणी खऱ्या रेल्वेचा एक छोटा तुकडाच दाखवू शकते. स्टेजिंग नसल्यास गाडी एकाच वर्तुळात फिरत राहते किंवा दृश्य यार्डातच तयार होऊन तेथेच विसर्जित होते. स्टेजिंग असल्यास ती ‘बाहेरून’ येते, स्थानकात थांबते, डबे सोडते वा घेते आणि पुढे ‘निघून जाते’. नाटकातील पात्र विंगेतून रंगमंचावर येते व पुन्हा विंगेत जाते, तसेच हे असते. दृश्य भागाला रंगमंच मानले, तर स्टेजिंग ही त्याची विंग होय.

इतिहास

अमेरिकेतील फ्रँक एलिसन यांनी १९४० च्या दशकातील लेखनात मांडणीची तुलना रंगभूमीशी केली. त्यांच्या मते गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक होते. ब्रिटनमध्ये घरांतील जागा मर्यादित असल्याने ‘टर्मिनस ते फिडल यार्ड’ ही रचना लोकप्रिय झाली. सिरिल फ्रीझर यांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘मायनोरीज’ हा शहरी टर्मिनसचा आराखडा याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत ॲलन मॅक्लेलँड यांनी ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ या आपल्या काल्पनिक रेल्वेद्वारे ‘तळघरापलीकडे’ ही कल्पना रुजवली. मांडणी ही देशव्यापी रेल्वेजाळ्याचाच एक भाग आहे असे मानून चालावे, असा तिचा आशय आहे. हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मिनियातूर वुंडरलांड’ या प्रदर्शनातही लपवलेल्या स्थानकांचा वापर केला जातो.

प्रकार

बंद टोकाचे: मार्गिका एका बाजूस संपतात. जागा कमी लागते. मात्र आत गेलेली गाडी मागे ढकलत बाहेर काढावी लागते किंवा तिचे इंजिन बदलावे लागते.

दुहेरी टोकाचे: गाडी एका बाजूने येते व दुसऱ्या बाजूने निघते. सांध्यांची संख्या व लांबी दुप्पट होते.

वळसा मार्ग: गाडी आपोआप उलट दिशेने परत येते. दोन रुळांतून वीज देणाऱ्या पद्धतीत येथे ध्रुवीयतेचा प्रश्न उद्भवतो व त्यासाठी विशेष वायरिंग करावे लागते.

फिडल यार्ड: इंजिने व डबे हाताने उचलून गाड्यांची जुळवणी बदलली जाते. सांध्यांऐवजी सरकता फलक, फिरता फलक किंवा उचलून नेता येणाऱ्या पेट्याही वापरतात.

समावेशाचा निर्णय

मालकाला गाड्यांचे संचालन वेळापत्रकानुसार करावयाचे असल्यास, किंवा मांडणी एखाद्या मुख्य मार्गाची वा जंक्शनची असल्यास, स्टेजिंग जवळपास अनिवार्य ठरते. याउलट केवळ शंटिंगचे कोडे मांडणाऱ्या छोट्या रचनांना त्याची गरज नसते. ॲलन राइट यांची ‘इंगलनूक सायडिंग्ज’ व जॉन ॲलन यांची ‘टाइमसेव्हर’ ही त्याची उदाहरणे होत. ज्यांचा आनंद गाडी अखंड धावताना पाहण्यात आहे किंवा ज्यांचा भर देखाव्यावर आहे, त्यांनाही साधे बंद वर्तुळ पुरेसे असते. एखाद्या खाणीची वा जंगलातील लाकूडवाहतुकीची स्वयंपूर्ण रेल्वे दाखवतानाही स्टेजिंग टाळता येते.

निर्णयात जागेचा हिशेब महत्त्वाचा असतो. एचओ प्रमाणात (१:८७) सुमारे १५ सेंमी लांबीचे १५ डबे व प्रत्येकी २० सेंमीची दोन इंजिने धरल्यास गाडीची लांबी २.६५ मीटर होते. एन प्रमाणात (१:१६०) हीच गाडी सुमारे १.४५ मीटरमध्ये मावते. याशिवाय सांध्यांनाही जागा लागते. समांतर मार्गिकांत ५ सेंमी अंतर ठेवून १:६ कोनाचे सांधे वापरल्यास दर वाढीव मार्गिकेमागे सुमारे ३० सेंमी लांबी खर्ची पडते. म्हणजे सहा मार्गिकांसाठी एका टोकाला सुमारे दीड मीटर जागा केवळ सांध्यांतच जाते.

स्टेजिंग दृश्य भागाच्या खाली नेल्यास क्षेत्रफळ वाचते. परंतु २ टक्के चढाने २० सेंमी उंची गाठण्यासाठी १० मीटर रूळ लागतो. त्यासाठी अनेकदा सर्पिल मार्ग बांधतात. ७५ सेंमी त्रिज्येच्या सर्पिलात २ टक्के चढाने एका फेऱ्यात सुमारे ९.४ सेंमी उंची मिळते.

मार्गिकांची संख्या एका सत्रात धावणाऱ्या गाड्यांवरून ठरते. दोन्ही दिशांनी प्रत्येकी चार वेगवेगळ्या गाड्या हव्या असतील, तर आठ गाड्यांची सोय करावी लागते. वळसा मार्ग असल्यास तीच गाडी परतीची गाडी म्हणूनही वापरता येते.

अडचणी व पर्याय

लपलेल्या रुळांवर गाडी घसरल्यास ते चटकन लक्षात येत नाही. म्हणून येथील रूळ विशेष काळजीने टाकावेत, हात पोहोचेल इतकी मोकळी जागा ठेवावी आणि मार्गिका रिकामी आहे की नाही हे दाखवणारे संवेदक वा कॅमेरे बसवावेत, असा संकेत आहे. साध्या एकदिश विद्युतप्रवाहाच्या पद्धतीत प्रत्येक मार्गिकेचा पुरवठा स्वतंत्रपणे तोडता यावा लागतो. डिजिटल नियंत्रणात प्रत्येक इंजिनास वेगळी आज्ञा देता येत असल्याने त्याची गरज राहत नाही. सत्र संपल्यावर गाड्या पुन्हा मूळ जागी लावण्याचे कामही उरते.

जागा फारच अपुरी असल्यास मधले मार्ग उपलब्ध आहेत. इमारती वा टेकडीमागे लपवलेली एकच मार्गिका, दुसऱ्या रेल्वेशी डब्यांची देवाणघेवाण दर्शवणारी जोडमार्गिका, किंवा मांडणीच्या कडेला गरजेपुरता जोडता येणारा सुटा फलक यांद्वारे बाहेरच्या जगाशी असलेला संबंध सूचित करता येतो. सुरुवातीला स्टेजिंग बांधावयाचे नसले, तरी मुख्य मार्गावर एक सांधा व कडेला मोकळी जागा राखून ठेवल्यास पुढील विस्ताराचा मार्ग खुला राहतो.