‘मी ख्रिस्ती आहे’ हे उघडपणे सांगण्याला इतकं महत्त्व का होतं?

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे गोंदियावरूनच पुढे जाते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला कवी नारायण वामन टिळक याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. विषय कवितेवरून धर्मावर गेला आणि त्या प्रवाशाने टिळकांना बायबलचा ‘नवा करार’ वाचायला दिला.

पुस्तक वाचून टिळकांचं मन वळलं. पण घरात वादळ आलं ते १० फेब्रुवारी १८९५ला, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर. पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा दत्तू यांच्यापासून ते काही वर्षं दुरावले.

मग श्रद्धा मनातच ठेवली असती तर? हा प्रश्न टिळकांच्याही खूप आधी, पहिल्या ख्रिस्ती लोकांसमोर उभा राहिला होता.

कबुली म्हणजे नेमकं काय?

‘कन्फेशन’ म्हटलं की सिनेमातला चर्चचा सीन आठवतो. जाळीमागे धर्मगुरू आणि समोर पापं सांगणारा माणूस. इथे मात्र अर्थ वेगळा आहे.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात यासाठी ‘होमोलोगिया’ हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ ‘तेच बोलणं’, म्हणजे जे मान्य आहे ते तोंडाने सांगणं. मनातला विश्वास आणि तोंडची कबुली या दोन्ही गोष्टी हव्यात, असं संत पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीही श्रद्धेबद्दल प्रश्न विचारले जात आणि उत्तर सर्वांसमोर द्यावं लागे.

यात धोका काय होता?

पहिले ख्रिस्ती लोक येशूला ‘प्रभू’ म्हणत. त्यासाठीचा ग्रीक शब्द ‘किरिओस’. रोमन सम्राटालाही हाच शब्द वापरला जाई. त्यामुळे ही श्रद्धेची घोषणा राजद्रोहासारखी वाटू शकत होती.

इ.स. ११२च्या सुमारास प्लिनी हा रोमन अधिकारी आजच्या उत्तर तुर्कस्तानात कारभार पाहत होता. सम्राट ट्राजनला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली पद्धत सांगितली आहे. आरोपीला तो तीनदा विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? तिन्ही वेळा ‘हो’ म्हणणाऱ्याला मृत्युदंड. रोमन नागरिक असेल तर त्याची रवानगी रोमला. ‘नाही’ म्हणणाऱ्याला सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहून ख्रिस्ताला शिव्याशाप द्यावे लागत. तसं केलं की सुटका.

म्हणजे एका शब्दावर जीव वाचत होता.

प्रमाणपत्र दाखवा, सुटा

इ.स. २५०च्या सुमारास सम्राट डेशियसने सगळ्यांना देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम दिला. तो पाळल्याचं प्रमाणपत्र मिळे. पपायरसवरची अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रं इजिप्तमध्ये सापडली आहेत. काही ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, तर काहींनी बळी न देताच पैसे मोजून कागद मिळवला.

ज्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले, ते ‘मार्टर’. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार. तुरुंगवास आणि छळ सोसूनही जे जिवंत राहिले, ते ‘कन्फेसर’, म्हणजे कबुली देणारे.

मग घाबरलेल्यांचं काय?

छळ ओसरल्यावर यावरून मोठा वाद झाला. रोममधल्या नोव्हेशनच्या मते अशांना चर्चमध्ये परत घेऊच नये. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मधला मार्ग धरला. पश्चात्ताप करा, मग परत या. शेवटी हाच मार्ग टिकला. शुभवर्तमानांनुसार येशूचा जवळचा शिष्य पेत्र यानेही त्याला तीनदा नाकारलं होतं आणि तरीही तो पुढे चर्चचा नेता झाला.

इ.स. ३१३मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि कबुलीमागची मृत्यूची टांगती तलवार दूर झाली.

टिळकांच्या काळात जिवाची भीती नव्हती. पण जात, घर, नातीगोती पणाला लागत. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यामागोमाग लगेच धर्म बदलला नाही. आपला वेळ घेऊन, स्वतःला पटल्यावर १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत काय सोसलं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितलं आहे.