घरच्यांना विचारलेले प्रश्न



मी होमिओपॅथीचा डॉक्टर. समाजशास्त्र मी शिकलेलो नाही. १९८० च्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीने बी.ए.ला हा विषय घेतला, तेव्हा घरात सगळे म्हणाले, "लग्न ठरेपर्यंत बरा आहे." त्या 'सगळ्यां'त मीही होतो. आज या विषयाचा थोडा इतिहास सांगणार आहे, तो त्या वाक्याची चूक उमगली म्हणून.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये सुरू झाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. इंदूरकर मंडळींना त्यांचे नाव परके नाही. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये लिहिला. नकाशा आखण्याआधी गल्ल्या पायी हिंडाव्यात, लोक राहतात कसे ते पाहावे आणि शक्य तितके कमी पाडावे, ही त्यांची रीत. आधी रोग्याला नीट पाहा, मग हात लावा, असे आम्ही डॉक्टर याला म्हणू.

त्यांच्यानंतर आले गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचे, संस्कृतचे विद्यार्थी, केंब्रिजहून पीएच.डी. करून आलेले. १९२४ ते १९५९ अशी पस्तीस वर्षे त्यांनी मुंबईचा विभाग सांभाळला. त्यांचा जातीवरचा ग्रंथ १९३२ चा. ते स्वतः पोथ्या-ग्रंथांत रमणारे. पण विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी माणसांत धाडले. आणि त्यातले कितीतरी जण पहिल्यांदा गेले ते आपल्याच माणसांत. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये एम.ए.चा प्रबंध लिहिला तो चित्पावनांवर, म्हणजे स्वतःच्या जातीवर. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास यांनी आपल्याच मुलखातल्या विवाह आणि कुटुंबावर लिहिले. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला तोही त्यांनीच.

आम्हा जैनांच्या दृष्टीने मोलाचे नाव सोलापूरच्या विलास संगवे यांचे. मुंबई विद्यापीठात त्यांनी जैन समाजावर पीएच.डी. केली आणि १९५९ मध्ये तो ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. जैनांची लोकसंख्या, पोटजाती, विवाह, स्त्रियांचे स्थान, चालीरीती या सगळ्याची त्यात पाहणी आहे. आम्ही व्यासपीठावरून सांगतो की आमच्या धर्मात जन्मावरून उच्चनीच नाही. मग चतुर्थ, पंचम, सैतवाळ, कासार अशा घरांत सोयरिकी जपून का होत आल्या? तो ग्रंथ वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. असा प्रश्न परक्याने विचारला तर आपण रागावतो. घरच्याने विचारला तर आधी गप्प होतो.

आमच्याही घरात तेच झाले. बहिणीला कॉलेजात काम दिले होते: घराण्यातल्या तीन पिढ्यांची लग्ने लिहून काढा; गाव, वय, पोटजात. ती वही घेऊन आजीजवळ बसली. सगळ्या सोयरिकी पाचसहा गावांत फिरत होत्या, हे आम्हाला तेव्हाच कळले. मग तिने विचारले, "आजी, आत्तीचं लग्न कधी झालं होतं?" आत्ती लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, स्वयंपाकघर सांभाळून होती. आजी बोलली नाही. वडिलांनी वही मिटली. "असलं बाहेर लिहून द्यायचं नसतं." मी वडिलांची बाजू घेतली. पुढच्या वर्षी बहिणीचे लग्न झाले. धारवाडला जाऊन एम.ए. करण्याचे राहून गेले.

मी दवाखाना घातल्यावर आत्तीच्या डोकेदुखीवर दहा वर्षे औषध दिले. रोग्याला मध्येच न तोडता बोलू द्यावे, असे हानेमानने 'ऑर्गनॉन'मध्ये बजावले आहे. मी तिला तहान विचारली, झोप विचारली, स्वप्नेसुद्धा विचारली. बहिणीने विचारलेला प्रश्न मात्र विचारला नाही. आज आत्ती नाही.

आपण सीमाभागातली, संस्थानांतली मराठी घरे. मराठी बोलणारे किती, हा आकडा आपल्याला तोंडपाठ असतो. पण आपले पूर्वज कुठल्या कामासाठी इथे आले, कानडी, गुजराती, हिंदी घरांतून कोण सुना आल्या, स्वयंपाकघरात आज कुठली भाषा चालते, कुणाचे नाव वंशावळीत घातलेच नाही, हे किती घरांनी लिहून ठेवले आहे? त्याला पदवी लागत नाही. एक वही लागते, आणि उत्तर नको असले तरी ऐकून घ्यायची तयारी लागते.

बहिणीने ती वही जपून ठेवली आहे. आत्तीच्या नावापुढचे रकाने कोरेच आहेत. ते आता कुणी भरू शकणार नाही. तुमच्या घरातले अजून भरता येतील. आजच्या कार्यक्रमानंतर घरी गेल्यावर थोरल्यांजवळ जरा बसा.