पाठांतर या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'पाठांतर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक शाळेतला, पाढे घोकण्याचा. दुसरा जुने ग्रंथ तपासणाऱ्यांचा: एकाच ओळीचे निरनिराळ्या पोथ्यांत सापडणारे निरनिराळे पाठ. म्हणजे लक्षात ठेवणं आणि ठेवता ठेवता बदलत जाणं, दोन्हींना एकच शब्द! सध्या एआय एजंटांच्या मेमरी टूलचं डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा शब्द मॉनिटरवर चिकटवून ठेवावा.

आधी हे टूल म्हणजे काय ते थोडक्यात. भाषेच्या मॉडेलला मागचं संभाषण आपोआप आठवत नाही. म्हणून नोंदी बाहेर साठवायच्या आणि लागतील तेव्हा शोधून आणायच्या. गंमत अशी, की कधी शोधायचं आणि काय शब्द देऊन शोधायचं हे मॉडेलच ठरवतं, आणि ते ठरवतं टूलचं वर्णन वाचून. इथे डॉक्युमेंटेशनचा पहिला वाचक खुद्द यंत्र आहे. वर्णन ढिसाळ असेल तर टूल ढिसाळ वापरलं जातं, कोड कितीही चांगला असो.

आता जरा मागे जाऊ. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला. परंपरेप्रमाणे लेखक सच्चिदानंदबाबा. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ हाताने उतरवला जात होता आणि तोंडाने म्हटला जात होता. साहजिकच पाठांतर झालं... दोन्ही अर्थांनी.

आख्यायिका अशी आहे, की अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचा दृष्टांत एकनाथांना झाला आणि ते पैठणहून आळंदीला येऊन समाधीचा शोध घेऊन गेले. आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढचं काम पक्कं आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली आणि शेवटी मोजक्या ओव्यांची पुष्टी जोडली. आपल्या भाषेत सांगायचं तर रीडमी फाईल! त्यात काय काय आहे बघा. काम कधी झालं, कोणी केलं, का करावं लागलं (मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांमुळे बिघडला), आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये अशी सक्त ताकीद. वाचायला सगळे मोकळे, लिहायला कोणीच नाही.

एक गोष्ट मात्र त्यात नाही: चेंजलॉग. कुठली ओवी गाळली, कुठला शब्द बदलला, याची यादी नाही. म्हणून १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली, तेव्हा मूळ शब्द कोणता यावर विद्वानांत वाद सुरू झाले. इतक्या जबाबदार संपादकाच्या बाबतीतही असं होतं, तर आपली काय कथा!

ही झाली साठवणीची बाजू. शोधून आणण्याची बाजू बघायची तर पुन्हा आळंदीलाच यावं लागतं. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथले विद्यार्थी संतवाङ्मय पाठ करतात, पण खरी परीक्षा कीर्तनात. निरूपणाला एक अभंग घ्यायचा आणि मुद्द्याला आधार लागेल तिथे 'प्रमाण' द्यायचं. प्रमाण कधी? आधार हवा असेल तेव्हा. कसं? शब्दाला शब्द. कोणाचं? ज्या संताचं आहे त्याचं. आणि कीर्तनकाराने पहिला शब्द उच्चारला की मागचे टाळकरी पुढचा चरण उचलतात. त्यांनाही तो पाठ असतो, त्यामुळे मनाने जुळवलेली ओळ तिथे फार वेळ टिकत नाही.

छापील गाथेत अभंगांची अकारविल्हे सूची असते. पहिला चरण आठवत असेल तर सापडतो; मधलीच ओळ आठवत असेल तर सूची निरुपयोगी. मेमरी टूलमधला अर्थावरून होणारा शोध ही अडचण सोडवतो, पण नवी आणतो. जुळणारं काहीच नसलं तरी 'सर्वात जवळचं' असं काहीतरी तो हातात ठेवतोच.

समजा एजंटने नोंद केली: 'बाबांना बहुतेक पेनिसिलिन चालत नाही.' महिन्याभराने ती नोंद वाचून तो नवी नोंद करतो, आणि त्यात 'बहुतेक' गळतो. आणखी महिन्याने तीच गोष्ट घरच्यांना ठामपणे सांगितली जाते. पाठांतर झालं! आणि इथे बदलतो तो कोणाच्या तरी घरातला औषधोपचार.

म्हणून अशा टूलच्या वर्णनात निदान एवढं स्पष्ट असावं: कधी शोधायचं आणि कधी शोधायची गरज नाही. सापडलेला मजकूर जसाच्या तसा, तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या नावासह परत यावा. माणसाने सांगितलेलं आणि एजंटने ताडलेलं वेगळ्या खणांत असावं. काही सापडलं नाही तर 'सापडलं नाही' हेच उत्तर असावं. नोंद बदलली तर जुनी पुसू नये, बदल शेजारी लिहावा. यातलं बरंचसं आळंदीच्या वाळवंटात उभ्या टाळकऱ्याला न शिकवता कळेल. शेवटचा मुद्दा तेवढा आपल्याला नाथांच्याही पुढे जाऊन पाळायचा आहे.