उपनगरांतील मल्याळी आणि त्यांचे समाजम्

मुंबईतील मल्याळ्यांचा इतिहास माटुंग्यापासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि 1930 साली स्थापन झालेला बॉम्बे केरळीय समाज तेथेच असल्याने तो निराधारही नाही. तथापि मल्याळी समाजाची आजची घडण समजून घ्यायची, तर अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांकडेच वळावे लागते. केरळ राज्य 1 नोव्हेंबर 1956 रोजी अस्तित्वात आले. त्याआधी, स्वातंत्र्यापूर्वी आलेली माणसे मद्रास इलाख्यातील मलबारची किंवा त्रावणकोर व कोचीन या संस्थानांची प्रजा होती. इंग्रजी टंकलेखन व लघुलेखनाच्या बळावर तरुण कचेऱ्यांत, तर प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयांत स्थिरावल्या.

उपनगरांत त्यांची माटुंग्यासारखी सलग वस्ती झाली नाही. परवडणारी जागा मिळेल तेथे, चाळीत व पुढे सहकारी गृहनिर्माण संस्थांत, मराठी-गुजराती शेजारात ते विखुरले, आणि म्हणूनच आळीचे काम ठिकठिकाणच्या ‘समाजम्’ने, म्हणजे भाषिक मंडळाने, अंगावर घेतले. ओणमचा मुख्य दिवस तिरुवोणम् कामाच्या वारी आला, तर मंडळाची ‘सद्या’, म्हणजे केळीच्या पानावरील शाकाहारी पंगत, पुढच्या एखाद्या रविवारी बसते. सभागृह ज्याला जेव्हा मिळेल तेव्हा, असे हे ओणम कित्येक आठवडे चालते. पंचांगापेक्षा हजेरीपटाला मान देणारा हा सण अस्सल मुंबईकरच म्हणावा लागेल.

भाषेने जोडलेल्या या मंडळांशेजारी श्रद्धेची केंद्रे वेगवेगळी राहिली: कांजूरमार्ग व गोरेगावची अय्यप्पा मंदिरे, समाजसुधारक नारायण गुरूंच्या अनुयायांची चेंबूरची श्रीनारायण मंदिर समिती (1963), आणि सिरियन परंपरेच्या केरळी कॅथलिकांसाठी 1988 मध्ये स्थापन झालेला कल्याणचा धर्मप्रांत, ज्याचे बिशपभवन पवईत आहे. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली, त्या सुमारास ‘मार्मिक’ साप्ताहिकाने दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या; ‘लुंगीवाला’ म्हणणाऱ्या त्या प्रचाराला हे अंतर्गत भेद तर सोडाच, तमिळ आणि मल्याळी यांतला फरकही दिसत नव्हता.

महाराष्ट्रात मल्याळम मातृभाषा नोंदवणारे 2001 च्या जनगणनेत सुमारे 4 लाख होते, ते 2011 मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास आले. केरळ सरकारने भाषा शिकवण्यासाठी 2009 मध्ये सुरू केलेल्या मल्याळम मिशनचे वर्ग आता मुंबईतही भरतात. त्याच्या पायऱ्यांना बहाव्यापासून नीलकुरिंजीपर्यंत, म्हणजे बोरिवलीच्या डोंगरांवरील कारवीच्या भावंडापर्यंत, फुलांची नावे असून शेवटची पायरी दहावीच्या तोडीची मानली जाते.