काठीतला वारा : घरी घडवलेल्या फोर्स फीडबॅक जॉयस्टिकचा इतिहास

लहान, साध्या बांधणीच्या विमानात वैमानिकाच्या हातातील दांडा पोलादी तारांनी किंवा सळयांनी पंखांवरच्या व शेपटीवरच्या हलत्या पृष्ठभागांना थेट जोडलेला असतो. त्यामुळे त्या पृष्ठभागांवरील हवेचा दाब उलट वाटेने हातापर्यंत येतो आणि वेग दुप्पट झाला की हा भार साधारण चौपट होतो. विमान मंदावून पंखावरचा प्रवाह तुटू लागला की तोच दांडा ढिला पडतो, थरथरतो. घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्याच्या जॉयस्टिकमध्ये मात्र वर्षानुवर्षे साधी स्प्रिंग होती, आणि ती धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानातही तेवढाच विरोध करी, जेवढा पूर्ण वेगात सूर मारणाऱ्या विमानात. ही उणीव मोटरींनी भरून काढणाऱ्या तंत्राला फोर्स फीडबॅक म्हणतात. त्याची सुरुवात कंपन्यांनी केली हे खरे, परंतु मधल्या बऱ्याच वर्षांत ते टिकवून धरले ते घरच्या टेबलावर सोल्डरिंग करणाऱ्या हौशी मंडळींनी.

उड्डाणाच्या यांत्रिक अनुकरणाचे एक मूळ वाद्यांच्या कारखान्यात सापडते. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याने वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भाते आणि झडपा वापरून डुलणारा, झुकणारा प्रशिक्षणकक्ष तयार केला आणि त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९३४ मध्ये टपालवाहतुकीचे काम अंगावर घेतलेल्या अमेरिकी सैन्याचे वैमानिक खराब हवेत एकामागून एक दगावले, तेव्हा कुठे सैन्याने हे यंत्र विकत घेतले. पुढे मोठी व वेगवान विमाने हायड्रॉलिक शक्तीवर चालू लागली आणि हवेचा भार दांड्यापर्यंत पोचेनासा झाला. म्हणून खऱ्या विमानांतच स्प्रिंगा, वजने आणि हवेच्या दाबानुसार ताठरणारी साधने बसवून तो भार कृत्रिमरीत्या निर्माण करावा लागला. जेट विमानाच्या बाबतीत घरगुती जॉयस्टिकची मोटर ज्याची नक्कल करते तीही मुळात नक्कलच असते, ही गोष्ट या छंदाचे भक्त सहसा बोलून दाखवत नाहीत.

सामान्य ग्राहकासाठी हे तंत्र १९९०च्या दशकात आले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या इमर्शन या कंपनीने स्पर्शाच्या आभासाची पेटंटे मिळवली व आपले तंत्र जॉयस्टिक बनवणाऱ्यांना परवान्यावर दिले, तर मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये एक्सॉस ही कंपनी विकत घेऊन पुढच्याच वर्षी ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ बाजारात आणली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. ती संगणकाच्या गेमपोर्टला, म्हणजे पंधरा टाचण्यांच्या जुन्या जोडणीला, लावली जाई. परंतु गेमपोर्ट मुळात हातांची हालचाल संगणकाला कळवण्यापुरता होता, म्हणून उलट दिशेच्या आज्ञा त्याच जोडणीतील मिडी या संगीतवाद्यांसाठीच्या वाहिनीतून पाठवल्या गेल्या. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स एवढाच. इतक्या अरुंद वाटेने क्षणाक्षणाचे बल पाठवणे शक्य नसल्याने संगणक फक्त ‘अमुक ताकदीची स्प्रिंग’, ‘तमुक दिशेचा धक्का’ एवढेच सांगे आणि प्रत्यक्ष हिशेब जॉयस्टिकमधला प्रोसेसर करी. १९९९ मध्ये यूएसबीसाठी अशा उपकरणांचे जे प्रमाण ठरले, त्यातही ही श्रमविभागणी कायम राहिली.

२००० साली यूएसबीवर चालणारी ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २’ आली आणि थोड्याच वर्षांत ही मालिका बंद झाली. लॉजिटेकने २००९ मध्ये ‘जी९४०’ काढून पाहिली, पण तीही टिकली नाही. या ओहोटीचे खापर बहुधा इमर्शनच्या पेटंटांवर फोडले जाते. मायक्रोसॉफ्ट व सोनी यांच्यावरील तिचे २००२ चे दावे गाजलेही. परंतु वादाचा मुख्य विषय गेमपॅडचे कंपन हा होता, आणि फ्लाइट सिम्युलेटरचा बाजार आटला हे कारणही तेवढेच खरे मानायला हवे. परिणाम एकच झाला : ज्यांना हातात भार हवा होता, त्यांना जुनी साइडवाइंडर शोधून ती जगवणे भाग पडले.

जगवण्याचे पहिले काम जोडणीचे होते. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये गेमपोर्टचा आधार काढून घेतला आणि धडधाकट ‘प्रो’ जॉयस्टिका माळ्यावर गेल्या. त्यावर हौशींनी काढलेला उपाय म्हणजे मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून यूएसबीच्या आज्ञांचे मिडीत रूपांतर करणे. काही शे रुपयांच्या या इलेक्ट्रॉनिक पाटीमुळे मूळ कंपनीने सोडून दिलेले यंत्र नव्या संगणकावर चालू लागले.

दुसरे काम मुठीचे. साइडवाइंडरच्या प्लॅस्टिकच्या मुठीवर बटणे मोजकीच, तर २०१० मध्ये आलेल्या थ्रस्टमास्टर कंपनीच्या ‘वॉर्टहॉग’ जॉयस्टिकची मूठ धातूची आणि खऱ्या लढाऊ विमानाच्या बेताची. म्हणून साइडवाइंडरची मूठ कापायची, उरलेल्या दांड्यावर आटे पाडलेला जोडतुकडा बसवायचा, त्यावर ‘वॉर्टहॉग’ची मूठ फिरवून घट्ट करायची आणि तिची बटणे वेगळ्या मायक्रोकंट्रोलरने वाचायची, असा प्रघात पडला. संगणकाला मग एकाच काठीच्या जागी दोन उपकरणे दिसत. अडचण वजनाची होती. दांडा खालच्या टोकाशी टेकलेला असल्याने जड मूठ तिरपी झाली की आणखी खाली ओढली जाई आणि आधीच अशक्त असलेल्या मोटरी तिला सावरताना तापत. कोणी सांध्याच्या खाली प्रतिभार लावला, कोणी तळात पंखा बसवला. मूळ मुठीत हात आहे की नाही हे ओळखणारा संवेदक होता आणि हात सुटला की बल बंद होई; नव्या मुठीत त्याला जागा नसल्याने तो चिकटपट्टीने झाकून कायमचा फसवला जाई. सोय झाली, पण सुरक्षेची एक कडी निखळली.

एवढी यातायात कशासाठी, याचे उत्तर कंपनांत शोधू नये. थरथर तर आसनाखाली बसवलेल्या कंपकानेही मिळते. फोर्स फीडबॅकचे खरे देणे म्हणजे हलणारा मध्यबिंदू. विमान एका वेगाला स्थिर ठेवण्यासाठी वैमानिक ट्रिम करतो, म्हणजे दांड्यावरचा सततचा ताण काढून टाकतो. हेलिकॉप्टरमध्ये बटण दाबताच दांडा मोकळा होतो आणि सोडताच जिथे असेल तिथेच धरला जातो. स्प्रिंगची काठी मात्र दर वेळी मध्यावर परतते, त्यामुळे ट्रिम करताच हात चटकन मध्यावर आणण्याची कृत्रिम सवय लावून घ्यावी लागते. हेलिकॉप्टरचे काही हौशी उडवय्ये या त्रासाला कंटाळून स्प्रिंगच काढून टाकतात आणि सांध्यात घट्ट ग्रीस भरतात. मोटर असलेल्या काठीत नवा मध्य ही निव्वळ एक आज्ञा असते.

तिसरा टप्पा संपूर्ण यंत्रच घडवण्याचा. येथे हिशेब कठोर आहे. २० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २० न्यूटन, म्हणजे सुमारे दोन किलो वजनाइतके, बल हवे असेल तर सांध्यापाशी ४ न्यूटन-मीटर पीळ लागतो. दांडा जमिनीवरून गुडघ्यांमध्ये आणण्यासाठी ४० सेंटिमीटर केला तर तोच पीळ निम्मेच बल देतो. १ न्यूटन-मीटरच्या मोटरीला चौपट घट देऊन, म्हणजे वेग चौथाई आणि पीळ चौपट करून, हे साधता येते, पण दातेरी चाकांमधली फट दिशा बदलताना टकटक जाणवते. म्हणून कारागीर थ्रीडी प्रिंटरांत वापरतात तसल्या दातेरी पट्ट्यांकडे वळले. घटीचेही मोल द्यावे लागते, कारण चौपट घटीत मोटरीच्या फिरत्या भागाचे जडत्व हाताला सोळापट जाणवते. ते टाळण्यासाठी काहींनी हॉवरबोर्डच्या चाकातील मंद पण दणकट मोटरी पट्ट्याविना थेट सांध्यावर बसवल्या. अशा ब्रशविरहित मोटरीतील लोहचुंबक पोलादी दातांपुढून सरकताना सूक्ष्म खाचा जाणवतात, त्या आज्ञावलीने पुसाव्या लागतात. कोन मोजणे आणि बल देणे यांत किंचित विलंब झाला तरी कृत्रिम स्प्रिंग ऊर्जा शोषण्याऐवजी पुरवू लागते आणि काठी मध्याभोवती आपोआप हिंदकळते. हा दोष आवरण्यासाठी कोन मोजून बल ठरवण्याचा हिशेब सेकंदाला अनेक शेकडो वेळा करावा लागतो.

या प्रयोगांतूनच छोटे उद्योग उभे राहिले. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी काठ्या बनवणाऱ्या स्विस ब्रुनर कंपनीच्या उत्पादनांची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. व्हीपीफोर्स या छोट्या उद्योगाने मात्र आधी स्वतः जोडणी करणाऱ्यांना नियंत्रक पाट्या व सुटे भाग दिले आणि नंतर ‘ऱ्हायनो’ ही तयार काठी आणली. २०२४च्या सुमारास मोझासारख्या मोठ्या चिनी उत्पादकानेही या क्षेत्रात उडी घेतली. १९९०च्या दशकातील मूळ पेटंटांची वीस वर्षांची मुदत तोवर संपली होती, हेही त्यामागचे एक कारण असू शकते.

आज्ञावलींची बाजू मात्र लंगडीच राहिली. डीसीएससारख्या लढाऊ सिम्युलेटरमध्ये फोर्स फीडबॅकची सोय अंगभूत असली, तरी एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये आणि २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये सुरुवातीला ती नव्हती. तेथे विमानाचा वेग, पंखाचा हवेशी होणारा कोन आणि प्रवेग यांचे आकडे बाहेर काढून त्यांचे बलात रूपांतर करणारे मधले प्रोग्रॅमही हौशींनीच लिहिले. त्यामुळे एका विमानात दांडा किती जड असावा, याचा निर्णय बहुतेक वेळा विमानाचे प्रारूप बनवणारा घेत नाही. वापरणारा आपल्या मनगटाला मानवेल तो आकडा घालतो.