छायाचित्रात न दिसणारी माणसे

युद्ध संपते, तह होतात, सीमेवरची शेते पुन्हा पिकू लागतात. मागे उरतात ती छायाचित्रे. १९६५ आणि १९७१ ची युद्धे आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांनी वर्तमानपत्रातील काळ्या-पांढऱ्या चित्रांतून आणि चित्रपटाआधी दाखवल्या जाणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या वार्तापटांतून पाहिली. त्या चित्रांत रणगाडे होते, विमाने होती, तोफा होत्या. रणगाडा 'पॅटन' की 'सेंच्युरियन', विमान 'नॅट' की 'हंटर', हे शाळकरी मुलेसुद्धा बिनचूक सांगत. पण त्या रणगाड्यात कोण बसले होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नसे. प्रस्तुत लेखात अशाच काही छायाचित्रांच्या निमित्ताने त्यामागच्या माणसांचे स्मरण करावयाचे आहे.

पहिले चित्र पंजाबातल्या भिखीविंडचे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानच्या चिलखती दलाचा चढाईचा बेत धुळीस मिळाला. कालव्याचे पाणी सोडून चिखल केलेल्या शेतांत आणि उसाच्या फडांत अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे रुतले आणि दबा धरून बसलेल्या आपल्या जवानांच्या माऱ्यात सापडले. पकडलेले व मोडलेले रणगाडे पुढे भिखीविंडला आणून ओळीने उभे करण्यात आले. लोकांनी त्या जागेचे नावच 'पॅटन नगर' ठेवले! त्या रांगांची छायाचित्रे गाजली. परंतु ज्यांच्यामुळे हे रणगाडे तिथे पोहोचले, ते चौथ्या ग्रेनेडियर्सचे हवालदार अब्दुल हमीद त्या चित्रांत असणे शक्यच नव्हते. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस गनने एकामागून एक रणगाडे टिपताना १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले होते. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले आणि २००० साली टपाल खात्याने काढलेल्या तिकिटावर त्यांच्यासोबत ती जीपही झळकली. शत्रूच्या अवाढव्य यंत्रांच्या रांगेपेक्षा ती उघडी, बिनचिलखती जीप मला अधिक बोलकी वाटते.

दुसरे चित्र राजस्थानातील लोंगेवालाचे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री चाळीसहून अधिक रणगाडे घेऊन शत्रू चालून आला. समोर होती मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची तेविसाव्या पंजाब बटालियनची जेमतेम सव्वाशे जवानांची तुकडी. जैसलमेरच्या तळावर मोजकी हंटर विमाने होती, पण ती रात्री हल्ला करू शकत नव्हती. पहाटेपर्यंत तग धरणे एवढेच त्या तुकडीच्या हाती होते आणि तिने तो धरला. उजाडताच हंटर झेपावली. आकाशातून टिपलेल्या त्या प्रसिद्ध छायाचित्रात वाळूवर चाकोऱ्यांची वेडीवाकडी वर्तुळे दिसतात. विमानांचा मारा चुकवण्यासाठी रणगाडे जिवाच्या आकांताने गरगर फिरले, त्याच्या या खुणा. चित्रात एकही माणूस दिसत नाही. तरी प्रत्येक वर्तुळाच्या टोकाशी चार जिवंत माणसे होती. ती शत्रूची होती खरी, पण माणसेच होती. आणि रात्रभर खंदकात जागलेले आपले जवान तर त्या चित्राच्या चौकटीबाहेरच राहिले.

तिसरे चित्र अंधुक आहे. २२ नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे युद्धाला अधिकृत तोंड फुटण्याआधीच, बंगालच्या सीमेवर बोयराजवळ चार पाकिस्तानी सेबर विमाने दिसली. कोलकात्याच्या डमडम तळावरून बाविसाव्या स्क्वाड्रनची चार नॅट विमाने उडाली. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरेस हे त्यांचे वैमानिक. अवघ्या काही मिनिटांत दोन सेबर पडली, तिसऱ्याला इजा झाली. लढाऊ विमानातला गन कॅमेरा वैमानिकाने तोफेचा चाप दाबला की आपोआप चालू होतो. त्यामुळे पेटलेल्या सेबरची चित्रे फिल्मवर उमटली आणि देशभर पोहोचली. पण जमिनीवर रडारसमोर बसून या चौघांना अचूक जागी नेणारे फ्लाइंग ऑफिसर बागची त्या फिल्मवर कसे दिसावेत? तोफांत गोळ्या भरणारे, इंजिन तपासणारे, फिल्म काढून धुणारे हातही दिसत नाहीत. त्या दिवशी पकडल्या गेलेल्या पाकिस्तानी वैमानिकांपैकी परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले, हा इतिहासाचा आणखी एक योगायोग!

१६ डिसेंबर १९७१ म्हटले की ढाक्यातील शरणागतीचे चित्र डोळ्यांसमोर येते. त्याच दिवशी शकरगड आघाडीवर जरपाल येथे पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत होते. जन्म पुण्याचा, वय अवघे एकवीस. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता'. रणगाडा पेटला, मागे फिरण्याचा आदेश आला, पण तोफ चालते आहे तोवर रणगाडा सोडायचा नाही, हा त्यांचा निर्धार होता. ते तिथेच धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. फामागुस्ता आज अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर) चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. त्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील. पण सेंच्युरियन एकट्याने चालत नाही, त्याला चौघे लागतात. चालक प्रयाग सिंग, गनर नथू सिंग आणि रेडिओ सांभाळणारे नंद सिंग हे खेत्रपाल यांचे साथीदार. त्यांपैकी नंद सिंग यांनीही त्या लढाईत प्राण दिला. ही नावे आज घेता येतात, कारण ती कुणीतरी वेळेवर लिहून ठेवली.

माझे सांगणे एवढेच आहे. यंत्र कोणत्या बनावटीचे होते, हे पन्नास वर्षांनीही पुस्तकात पाहून सांगता येते. त्याच्या शेजारी खांद्यावर हात टाकून उभे असलेले चौघे कोण, हे मात्र त्यांना ओळखणारा शेवटचा माणूस गेला की कायमचे पुसले जाते. १९७१ साली विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत.

लष्करातील नोकरीच्या निमित्ताने घर सोडून देशभर स्थिरावलेली मराठी कुटुंबे आपल्या अवतीभवती आहेत. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर असे एखादे छायाचित्र नक्की असेल. यंदा दर्शनाला एकमेकांच्या घरी जाल, तेव्हा घरातील आजोबांना ते जरूर दाखवायला सांगा. चित्रात कोण, कुठे, कोणत्या साली, एवढे विचारून मागच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. शाईने लिहू नका, ती पुढे झिरपते. नाव आठवत नसेल तर गाव लिहा, हुद्दा लिहा. पुढच्या पिढीला त्यावरूनही माग काढता येईल.

बुद्धिदात्याच्या उत्सवात ही एक छोटी सेवा आपल्या हातून घडो, हीच गणरायाच्या चरणी प्रार्थना.