आत्मविश्वास मोजायचा कशाने?

नांदेड-लातूरकडे एक गोष्ट घरोघरी ठाम धरलेली असते: जितक्या प्रश्नपत्रिका सोडवाल तितकी भीती मोडेल. सरावावर भर देणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने ते दाखवूनही दिले. इथली बीएस्सी, इंजिनिअरिंग झालेली मुले आता हवाई वाहतूक नियंत्रकपदाची परीक्षा देतात. निवड झाली की प्रयागराज किंवा गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत सिम्युलेटरसमोर बसतात. तिथेही हाच समज पुढे येतो: तास वाढवा, आत्मविश्वास आपोआप येईल.

तास हवेतच. पण आत्मविश्वास आला म्हणजे तयारी झाली, हे अनुमान मला मान्य नाही. परीक्षेत अवघड प्रश्न सोडून पुढचा घेता येतो. आकाशातले विमान थांबत नाही, आणि पलीकडचा वैमानिक ऐकण्यात चुकू शकतो.

२७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली. ५८३ माणसे गेली. परवानगीविना निघालेल्या केएलएम कंपनीच्या विमानाचा कप्तान नवशिका नव्हता. तो कंपनीचा ७४७ विमानांचा प्रमुख प्रशिक्षक होता आणि त्याचा बराच काळ सिम्युलेटरवर शिकवण्यात जाई. तिथे उड्डाणाच्या परवानगीसाठी खोळंबावे लागत नाही, याकडे अभ्यासकांनी बोट दाखवले आहे. नियंत्रकाच्या तोंडून आधी ‘ओके’ निघाले. पुढचे ‘थांबा’ दुसऱ्या विमानाच्या संदेशात चिरकून गेले. आत्मविश्वास तर तिथे भरपूर होता.

म्हणून सिम्युलेटर टाकाऊ ठरत नाही. उलट, जीव न जाता चुकता येईल अशी तेवढीच एक जागा आहे. तिथे वैमानिकाची भूमिका करणाऱ्याने नियंत्रकाने सांगितलेली उंची मुद्दाम चुकीची उच्चारून दाखवावी, दोन संदेश एकदम यावेत. सरावाआधी विद्यार्थ्याने आपण कुठे अडखळू ते लिहून ठेवावे आणि नंतर ताडून पाहावे. हा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतले अंतर कमी होणे, ही माझ्या मते खरी प्रगती. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना काम येते, पण इंग्रजी बोलताना जीभ अडते. नुसता आत्मविश्वास मोजला तर तीच आधी मागे पडतात. धीट मुलाच्या चुका मात्र झाकल्या जातात.

सुट्टीत घरी आलेल्या प्रशिक्षणार्थीला ‘जमतंय ना?’ एवढेच विचारू नका. या आठवड्यात कोणती चूक सापडली, तेही विचारा. आणि तो सांगेल ते न रागावता ऐकून घ्या.